पट्ट्याचं लॉक

साताऱ्याला एका कॉलनीच्या गणपतीसमोर आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम चालू होता, तेव्हा माझी बेस गिटार गळ्यातून सुटून खाली पडली. गाणं रंगात आलं होतं. मी जरासा ढोलकीवाल्याकडे वळलो आणि डाव्या खांद्यावरचा भार एकदम नाहीसा झाला. गिटारचं टोक स्टेजच्या फळीवर आपटलं, स्पीकरमधून असा काही आवाज आला की पुढच्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं. लोक हसले. गाणारा मात्र गातच राहिला. मी गिटार उचलली, मांडीवर टेकवली आणि उरलेला कार्यक्रम लोखंडी खुर्चीवर बसून वाजवला.

बेसला चारच तारा असतात, जाड. पण वजन साध्या गिटारच्या दुप्पट असेल. चामड्याच्या पट्ट्याला दोन्ही टोकांना एकेक भोक असतं आणि गिटारच्या लाकडात स्क्रूने बसवलेली दोन बटणं असतात, एक खालच्या बुडाशी आणि एक वरच्या, शिंगासारख्या पुढे आलेल्या टोकाशी. भोक बटणात अडकवायचं, एवढाच काय तो आधार. पट्टा जुना झाला की भोक सैल पडतं, आणि मग गिटार कधी सुटेल याचा नेम राहत नाही. त्या कार्यक्रमानंतर मी बटणावर सोड्याच्या बाटलीतलं रबर चढवून पट्टा अडवायला लागलो. तरी वाजवताना अर्धं लक्ष खांद्याकडेच असायचं.

तेव्हा मी सांगलीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. नट, बोल्ट, वायसर मागतील तसे काढून द्यायचे, एवढं काम. ते पुढे कुठे बसतात हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आमच्या ऑर्केस्ट्रातला ड्रमवाला मस्कतच्या एका हॉटेलात वाजवायला गेला होता. तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने माझ्यासाठी पट्ट्याची लॉकं आणली. चकचकीत, स्टीलची. जुनी बटणं काढून त्या जागी नवी बसवायची आणि पट्ट्याच्या टोकांना चाप बसवायचे. चाप बटणात टक्कन बसतो, आणि वरची खिट्टी ओढल्याशिवाय सुटत नाही. "आता डोक्यावर उभा राहून वाजव," तो म्हणाला. मी त्याचे आभार मानले आणि पाकीट कॉटखालच्या पेटीत ठेवून दिलं. कारण लॉक बसवायचं म्हणजे गिटारमध्ये नवं भोक पाडायचं. भोक वाकडं गेलं, लाकूड चिरलं, तर माझ्याकडे दुसरी गिटार नव्हती. आणि मला असलं काही करायची सवयही नव्हती.

ती नव्हती याचं कारण माझा मोठा भाऊ. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, कोरेगावच्या बाजूचं. दादा माझ्याहून बराच मोठा, मी शाळेत होतो तेव्हाच तो तोफखान्यात भरती झाला. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा आणि आल्या दिवसापासून घर दुरुस्त करायला लागायचा. विहिरीवरची मोटर, गोठ्याचं दार, आईच्या पलंगाची नवार, माझी सायकल. मी शेजारी उभा असायचो. मी हात पुढे केला की म्हणायचा, "सर तिकडं, तुला न्हाई जमायचं." त्यात राग नसायचा. त्याच्या हातांना ते सगळं इतकं सहज येत होतं की दुसऱ्याला शिकवत बसायचं त्याला सुचायचंच नाही. आणि मला शिकावंसं वाटलं नाही, कारण तो होता.

त्या वर्षी थंडी पडायला लागली तेव्हा तो एका दुपारी सांगलीला माझ्या खोलीवर आला. हातात छोटी पिशवी. सुट्टीवर आलाय हे मला माहीत होतं, पण गाव सोडून तो माझ्याकडे असा कधी आला नव्हता.

"वैनी, पोरं बरी हाईत न्हवं?" मी विचारलं.

"बरी हाईत. त्यांना सांगितलंय, धाकट्याचा कार्यक्रम ऐकाय जातो म्हणून."

मी चहा केला. त्याने कपाला हात लावला नाही. गार होऊ दे म्हणाला. थोड्या वेळाने कप घेऊन खिडकीशी गेला आणि माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी कप धरून प्याला. तरी खाली फरशीवर चहाचे थेंब पडले. ते त्याने पायाने पुसले.

"दादा, काय झालंय?"

तो वळला नाही. "हात कापतोय, गड्या. उजवा. आता डावाबी जरा."

"कवापासनं?"

"झालं की लय दिस. आदी वाटलं थंडीनं. उन्हाळा गेला, तरी ऱ्हाईना."

"मग मिलिटरी हॉस्पिटलात दाखवायचं की."

"तिथं दाखवलं की कागदावर आलं. कागदावर आलं की मेडिकल कॅटेगरी खाली. मग मिळायची नायब सुभेदारी बसली बोंबलत." आता तो माझ्याकडे वळला. "मिरजेत नसांचा डॉक्टर हाय म्हणं मोठा. उद्या जाऊया. आन् घरी कुणाला बोलायचं न्हाई. तुझ्या वैनीला तर अजाबात न्हाई."

मी मान हलवली. तो मला काही सांगतोय आणि मी ऐकतोय, असं तर नेहमीच होतं. पण या वेळी तो माझ्या तोंडाकडे बघत होता, मी काही तरी बोलेन म्हणून. मी म्हणालो, "जेवाय काय करू?"

दुसऱ्या दिवशी मिरजेला गेलो. डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे. त्यांनी दादाला हात पुढे पसरायला लावले, नाकाला बोट लावायला लावलं, रेघेवरून चालायला लावलं. मग कागद-पेन देऊन आतून बाहेर गोल गोल काढत यायला सांगितलं. दादा खाली वाकून ते काढायला लागला. शाळेतलं पोर जीभ बाहेर काढून लिहितं तसं त्याचं तोंड झालं होतं. रेघ गोल निघेना, करवतीच्या दात्यांसारखी निघाली. त्याने अर्ध्यात पेन खाली ठेवलं.

"नसांचा विकार आहे," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या देतो. काहींना चांगला फरक पडतो."

"किती दिसांत थांबंल, साहेब?"

"थांबेलच असं मी सांगू शकत नाही. हळूहळू वाढूही शकेल."

"आमचं काम तोफंवरचं हाय, साहेब. नेम धराय डायल लावाय लागती. हात थिर पायजे."

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही भाऊ ना? घरच्यांनी जरा सांभाळून घ्या." घरचे म्हणजे त्या घडीला मी एकटाच होतो, आणि काय सांभाळायचं ते मला ठाऊक नव्हतं.

बाहेर पडल्यावर दादा भरभर चालायला लागला. सतारी बनवणाऱ्यांच्या दुकानांवरून जाताना मी नुसतं काही तरी बोलायचं म्हणून म्हणालो, "माझ्या गिटारला लॉकं बसवायचीत. ह्यातल्या कुणाला तरी इचारायचं म्हणतोय कवाचा."

तो थांबला. "कसली लॉकं?"

मी सांगितलं. साताऱ्याला गिटार कशी पडली तेही सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा मोकळा झाला.

"आन् त्यासाठी परक्या माणसाकडं जातूस व्हय? मी हाय की. उद्या बसवून टाकू."

नको म्हणायला मी तोंड उघडलं. पण काय कारण सांगणार? तुझा हात कापतो म्हणून नको, हे एकच कारण होतं. मी म्हणालो, "बरं."

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. दादाने सकाळीच घरमालकांकडून गिरमिट, म्हणजे लाकडाला हाताने भोक पाडायचं हत्यार, आणि सायकलवाल्याकडून दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड असं जमवून आणलं. जमिनीवर वाकळ अंथरली, तिच्यावर गिटार आडवी ठेवायला सांगितली. शेजारी वर्तमानपत्रावर हत्यारं ओळीने मांडली. मांडणी बघून मला बरं वाटलं. वाटलं, जमेल त्याला.

आधी बुडाचं जुनं बटण काढायचं होतं. त्याने स्क्रू ड्रायव्हर खाचेत ठेवला आणि टोक खाचेतून उडालं. परत ठेवलं, परत उडालं. तिसऱ्यांदा ते घसरून गिटारच्या पॉलिशवर गेलं आणि पांढरी रेघ उठली. मग त्याने उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने आवळून धरलं, सगळं अंग त्यावर टाकलं आणि कसाबसा तो स्क्रू काढला. त्याच्या कपाळाला घाम आला होता.

जुनं भोक नव्या स्क्रूला मोठं होत होतं. ते काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवायचं त्यालाच सुचलं. काड्यांचे गुल मोडायचे, पांढऱ्या गोंदात बुडवायच्या आणि भोकात ठोकायच्या. मी गुल मोडून काडी देत होतो, तो भोकाजवळ नेत होता आणि काडी दोन्ही बाजूंना डोलत राहायची. भोक केवढंसं. काडी पडायची, मी उचलून परत द्यायचो. असं किती वेळ चाललं. आम्ही दोघंही गिटारकडेच बघत होतो. मी वर बघितलं असतं तर त्याने माझ्याकडे बघितलं असतं.

गोंद वाळेपर्यंत आम्ही भिंतीला टेकून बसलो. तेव्हा तो आपणहून बोलला.

"युनिटात निपाणीकडचं एक पोरगं हाय. माझ्या हाताखाली. त्याला कळलंय. डायलचा आकडा तोच लावतो, मी नुसता पुढं उभा ऱ्हातो. साहेब दुर्बिणीत असतो तंवर चालतंय."

"आन् साहेब जवळ असला तर?"

"तर न्हाई चालत," तो म्हणाला.

मग त्याने गिरमिट घेतलं. गिटार मी दोन्ही हातांनी दाबून धरली होती. टोक काड्यांच्या मधोमध ठेवून तो फिरवायला लागला. पहिले वेढे सरळ गेले. मग त्याचा हात उसळला, गिरमिट कलंडलं आणि तसंच कललेलं आत जायला लागलं. मला स्पष्ट दिसत होतं. आता थांबवलं तर अजून सावरता आलं असतं. थांब, एवढा एक शब्द म्हणायचा होता. मी गिटार नुसती आणखी घट्ट धरली. गिरमिट फिरत होतं, लाकडाचा भुसा माझ्या बोटांवर पडत होता, आणि माझ्या गिटारमध्ये भोक वाकडं पडत होतं. गिटारचं मला वाईट वाटत होतं का, तर हो, वाटत होतं. पण त्याहून जास्त भीती ही होती की त्याला ते दिसतंय का. दिसत होतं. आयुष्यभर सरळ भोकं पाडलेला माणूस तो. दिसत असूनही तो फिरवत राहिला, कारण थांबला असता तर त्यावर बोलावं लागलं असतं.

नवं बटण बसलं. एका बाजूला लाकडाला चिकटलं, दुसऱ्या बाजूला नख जाईल एवढी फट.

"बसलं," तो म्हणाला.

"बसलं," मी म्हणालो.

पट्ट्याच्या चापाचं काम मला सोपं वाटलं होतं. चाप चामड्याच्या भोकातून घालायचा, मागून वायसर लावायचं आणि एक चिमुकली क्लिप खोबणीत दाबून बसवायची. दादाने क्लिप पकडीत धरली, खोबणीजवळ नेली, आणि ती उडाली. कुठे गेली दिसलं नाही. टिक असा आवाज तेवढा झाला.

आम्ही दोघं गुडघ्यांवर आलो. कॉटखाली बघितलं, स्टोव्हच्या मागे बघितलं, पेटी सरकवली. मी केरसुणीने सगळी फरशी झाडून केर चाळून बघितला. मस्कतहून आलेली ती क्लिप, हरवली तर सांगलीत कुठे मिळणार? दादा तळहात फरशीवर फिरवत कोपऱ्याकोपऱ्यातून रांगत होता. शेवटी क्लिप वाकळेच्या शिवणीत अडकलेली मला सापडली. ती घेऊन मी वळलो तर तो भिंतीशी बसला होता, दोन्ही हात काखेत घालून, थंडी वाजल्यासारखा.

"घावली," मी म्हणालो.

त्याने हात बाहेर काढला नाही. "तू कर," म्हणाला.

घरात दादा असताना माझ्या हातात हत्यार कधी आलं नव्हतं, आणि आता तो स्वतः देत होता. मी म्हणालो, "तूच कर की, दादा. सावकाश कर. घाई न्हाई कायबी."

"कर म्हणतोय न्हवं."

मी पक्कड घेतली. तो बसल्या जागेवरून सांगत होता. क्लिप आडवी धर. न्हाई, तोंड खाली. दाब. आणखी दाब. माझे हात स्थिर होते आणि तरी मला येत नव्हतं. क्लिप एकदा वाकली, ती सरळ करताना माझं बोट कापलं. त्याला येत होतं आणि त्याचे हात ऐकत नव्हते. एवढ्याशा खोलीत आम्ही दोघं सख्खे भाऊ, आणि एक क्लिप बसवता येईना. बऱ्याच वेळाने ती खोबणीत गेली. शिंगाकडचं बटणही मग मीच बसवलं. ते त्याच्या बटणापेक्षा सरळ बसलं याची मला लाज वाटली, आणि तो वाकून बघायला आला तेव्हा मी त्यावर तळहात ठेवला. त्याने माझा हात बाजूला केला, बघितलं आणि म्हणाला, "बेस झालंय."

त्या आठवड्यात आमच्याच तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत कार्यक्रम होता. दादा आमच्याबरोबर टेम्पोतून आला. घरी कार्यक्रमाचं सांगून निघाला होता, ते खरं करायला हवं होतं. तो लोकांत बसला नाही. स्टेजच्या बाजूला, स्पीकरच्या खांबाशी उभा राहिला. सगळे नाचणाऱ्या पोरीकडे बघत होते, तो माझ्या पट्ट्याकडे बघत होता. मी हललो की तो खांबापासून अर्धं पाऊल पुढे यायचा, गिटार पडलीच तर झेलायला. लॉक काही सुटलं नाही. वाकडं बटण जागचं हललं नाही. त्या रात्री मी काय वाजवलं ते मला आठवत नाही. त्याचे हात तेवढे आठवतात, पँटच्या खिशात कोंबलेले.

सुट्टी संपून तो युनिटात परत निघाला तेव्हा मी मिरज जंक्शनवर पोचवायला गेलो होतो. ट्रंक मी उचलून आत ठेवली. त्याने उचलू दिली. खिडकीतून म्हणाला, "गोळ्या चालू हाईत. फरक पडंल."

"पडंल की," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

फरक पडला नाही. पुढच्या पावसाळ्याच्या आत युनिटात सगळं उघड झालं. साहेबासमोर झालं की आणखी कसं, ते त्याने कधी सांगितलं नाही. मिलिटरी हॉस्पिटल, कॅटेगरी, मग पेन्शन घेऊन घरी. आमचा ऑर्केस्ट्राही त्याच सुमाराला आटला. कीबोर्डमध्येच बेसचा आवाज निघायला लागला, तेव्हा मालक मला म्हणाले, "तू गाडी भरायला ये, वाजवायला नको." मी गेलो नाही. त्यांना बोल लावण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दादा कायमचा घरी आल्यावर मी पहिल्यांदा गावी गेलो, तेव्हा तो शेतावर होता. वहिनी अंगणात शेंगा निवडत होत्या. मी हातपाय धुऊन ओसरीवर बसलो. त्या खाली बघूनच म्हणाल्या, "भावजी, तुमास्नी आदी ठावं हुतं न्हवं?"

खोटं बोलायची ताकद माझ्यात नव्हती. "व्हय, वैनी."

"मलाबी हुतं," त्या म्हणाल्या. "जेवताना पाठ करून बसाय लागलं तवाच कळलं. म्या बोलले न्हाई. म्हटलं, ह्यास्नी सांगू वाटंल तवा सांगतील."

मला म्हणावंसं वाटत होतं की मी काही तरी करायला हवं होतं. पण काय, ते तेव्हा कळलं नव्हतं आणि त्या ओसरीवर बसूनही कळत नव्हतं. त्यांनी सूप उचललं आणि चहा टाकायला आत गेल्या. थोड्या वेळाने दादा बांधावरून येताना दिसला. लांबूनच विचारत आला, जेवलास का, आणि उसाला पाणी धरायची पाळी उद्या पहाटेची आहे, थांबणार आहेस का.

"थांबतो की," मी म्हणालो.